कचऱ्याचा जमाखर्च



गेल्या महिन्यात आमच्या शहरातील व्यापारी मंडळाने माझ्यावर एक काम सोपविले. महापालिकेने घरे, दुकाने व गोदामे यांच्याकडून कचरा उचलण्याचे दरमहा शुल्क घेण्याचे ठरविले असून त्यावर हरकती मागविल्या आहेत. मंडळाच्या वतीने हरकतीचे पत्र तयार करून द्यावे, तेही 'जरा झणझणीत', अशी अध्यक्षांची सूचना होती. बँकेच्या नोकरीत उभे आयुष्य पत्रे लिहिण्यात आणि इतरांच्या पत्रांतील खाचाखोचा शोधण्यात गेले. त्यामुळे असली कामे माझ्याकडे येतात आणि मीही ती आनंदाने पत्करतो. एका संध्याकाळचे काम, असे समजून मी बसलो. त्याला सतरा दिवस लागले, आणि शेवटी जे पत्र तयार झाले ते मंडळाने मागितलेले पत्र नव्हते.

मंडळाचा मुद्दा क्षुल्लक मुळीच नव्हता. मालमत्ता कराचे बिल आपण सर्वांनी पाहिलेले असते, पण ते वाचतो किती जण, हा प्रश्नच आहे. त्या एका कागदात सर्वसाधारण कर असतो, अग्निशमन कर असतो, वृक्षकर असतो, आणि शिक्षण व रोजगार हमीचे जे उपकर असतात ते तर महापालिका केवळ शासनाच्या वतीने गोळा करून पुढे पाठविते. याच कागदात बहुतेक ठिकाणी सफाईपट्टीही असते. मग सफाईसाठी एकदा पट्टी भरल्यावर पुन्हा निराळे शुल्क कशासाठी? एका मालाची दोनदा हमाली कोणता व्यापारी देईल? हा युक्तिवाद मला तत्काळ पटला. पटण्याचे आणखी एक कारण होते : काही वर्षांपूर्वी हाच युक्तिवाद मी स्वतः केला होता.

तेव्हा मी आमच्या गृहनिर्माण सोसायटीचा कोषाध्यक्ष होतो. ४८ सदनिका. दोन कचरावेचक बायका रोज सकाळी दारोदार जाऊन कचरा खाली आणीत आणि त्याबद्दल प्रत्येक घराचे महिना २० रुपये, म्हणजे एकूण ९६० रुपये सोसायटी त्यांना देत असे. पुढे महापालिकेची घंटागाडी फाटकाशी येऊ लागली. मी समितीपुढे टिपण ठेवले की आपण सफाईपट्टी भरतो, गाडी दाराशी येते, तेव्हा हा खर्च अनावश्यक आहे. निर्णय लांबला आणि तोवर पैसे देणे थांबविले गेले. तीन महिने त्या दोघी तशाच काम करीत राहिल्या. एके दिवशी त्यांतील थोरली बाई कार्यालयाच्या दाराशी उभी राहिली. पुठ्ठ्याचा भाव उतरला आहे, भंगारवाला निम्म्याने घेतो, असे तिने सांगितले. मी सफाईपट्टीचे स्पष्टीकरण दिले. त्यावर ती शांतपणे म्हणाली, "साहेब, सफाईपट्टी तुम्ही कार्पोरेशनला भरता. मला कोण भरतं?"

त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी 'समितीपुढे ठेवतो' हे उत्तर दिले. पुढच्या आठवड्यापासून त्या दोघी आल्या नाहीत. वार्षिक अहवालात मी ११,५२० रुपयांची बचत मोठ्या समाधानाने नमूद केली. त्याच वर्षी जिन्यात पिशव्या साठू लागल्या, पहारेकऱ्याला कचरा खाली नेण्यासाठी महिना १,५०० रुपये जादा द्यावे लागले, आणि उंदरांसाठी औषध मारणाऱ्यांचे बिल निराळेच. त्या बायकांचे तीन महिन्यांचे २,८८० रुपये द्यावेत असा ठराव शेवटी झाला, पण तोवर त्या कोणत्या भागात गेल्या हे कुणालाच सांगता आले नाही. सोसायटीच्या ताळेबंदात 'देय रकमा' या सदराखाली ते २,८८० रुपये आजही उभे आहेत. लेखापरीक्षक दरवर्षी विचारतात आणि दरवर्षी आम्ही तेच उत्तर देतो.

त्यामुळे हरकतीच्या पत्रातील पहिले वाक्य लिहिताना लेखणी अडली. म्हटले, आधी महापालिकेचे अंदाजपत्रक तरी वाचावे. ते जाडजूड असते, छपाई बारीक असते आणि वाचनीयतेचा दोष त्यात शोधूनही सापडत नाही; पण ज्याने आयुष्यभर कर्जदारांचे ताळेबंद चाळले त्याला ते फारसे परके वाटत नाही. एवढे कळले की सफाईपट्टीचे उत्पन्न हे घनकचऱ्याच्या खर्चाच्या मानाने फारच तोकडे आहे, आणि ती पट्टीही निराळी राखली जात नाही. सर्व जमा एकाच मोठ्या हौदात पडते. त्या हौदातून पगार, निवृत्तिवेतन, वीजबिले, रस्ते, ठेकेदारांची थकलेली देणी भागवून जे उरेल ते कचऱ्याला.

हा हौद आटला कसा, याची कथा आपल्या व्यापारी घराण्यांना मुखोद्गत असावयास हवी, कारण तिच्यात आपण प्रेक्षक नव्हतो. ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक स्थान दिले. ती १ जून १९९३ रोजी अमलात आली आणि तिने जोडलेल्या बाराव्या परिशिष्टात घनकचरा व्यवस्थापन हे त्यांच्या कामांपैकी एक म्हणून नमूद झाले. काम दिले, कामाला पुरेल असे उत्पन्नाचे साधन मात्र दिले नाही. महाराष्ट्रात महापालिकांचा मुख्य आधार जकात होता. नाक्यावरची ती रांग, ती कागदपत्रे, तो मनस्ताप माझ्या अनेक खातेदारांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. २०१३ मध्ये त्याविरुद्ध आपण दुकाने बंद ठेवली, मोर्चे काढले. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींखालील उलाढालीच्या व्यापाऱ्यांना तो माफ झाला, तेव्हा पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि उरलीसुरली जकातही संपली. त्याबदली महाराष्ट्र शासन महापालिकांना नुकसानभरपाई देते, तीत दरवर्षी ८ टक्के वाढ धरलेली आहे. ही व्यवस्था वाईट नाही. पण ज्याचे दुकान स्वतःच्या गल्ल्यावर चालत होते तो आता महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या धनादेशावर अवलंबून राहिला, एवढा फरक पडला. जकातीविरुद्धचा आपला लढा योग्यच होता, असे मला आजही वाटते. फक्त, जकात गेल्यावर शहर कशावर चालावे याचा विचार तेव्हा मोर्चातील कुणीच केला नाही, हेही खरे.

मग केंद्राचे अनुदान नाही का? आहे. स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. त्यात कचरा प्रकल्पांच्या खर्चापैकी केंद्राचा वाटा एक लाखाखालील शहरांना ५० टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्याहून मोठ्या शहरांना २५ टक्के असा ठरविला गेला. पंधराव्या वित्त आयोगानेही दहा लाखांखालील शहरांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम बांधील ठेवली, त्यातील निम्मी स्वच्छता व घनकचरा यांसाठी. आकडे पाहून समाधान वाटते. परंतु यातील बराचसा पैसा भांडवली खर्चाचा आहे. शेड उभी राहते, यंत्र येते, फीत कापली जाते. यंत्राची वीज, तेल, पट्टा, चालक, दुरुस्ती हा महसुली खर्च, आणि तो दरमहाचा. आम्ही बँकेत मुदतकर्ज देताना खेळत्या भांडवलाची सोय पाहिल्याशिवाय सही करीत नसू. कारण खेळते भांडवल नसलेला कारखाना म्हणजे तारण ठेवलेले लोखंड. आपल्या राज्यात कचऱ्याचे किती प्रकल्प असे लोखंड होऊन उभे आहेत, हे ज्या-त्या शहराच्या वाचकाने आपल्या वेशीबाहेर जाऊन पाहावे.

आता खर्चाचा ढोबळ हिशेब मांडतो. हे आकडे केवळ समजुतीसाठी धरलेले आहेत. कोणत्याही एका शहराचे नव्हेत. एक लाख वस्ती धरा. माणशी ४०० ग्रॅम म्हटले तर रोजचा कचरा ४० टन. गोळा करणे, वाहून नेणे, प्रक्रिया व विल्हेवाट मिळून टनामागे २,५०० रुपये धरले तर रोज एक लाख आणि वर्षाला ३ कोटी ६५ लाख. आता जमा. २५,००० घरे दरमहा ६० रुपये देतील तर वर्षाला १ कोटी ८० लाख. ४,००० दुकाने दरमहा १५० रुपये देतील तर ७२ लाख. एकूण २ कोटी ५२ लाख. म्हणजे प्रत्येकाने पैन्पै चुकविली तरीही १ कोटी १३ लाखांची तूट राहते. वसुली ६० टक्केच झाली, तर हाती येतात सुमारे १ कोटी ५१ लाख, आणि तूट २ कोटींच्या पुढे जाते. हा हिशेब मी अध्यक्षांना दाखविला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे शुल्क भरूनही भागणार नाही, मग भरावे कशाला?" प्रश्न व्यापाऱ्याला साजेसा होता. त्याचे उत्तर जमेच्या बाजूला सापडत नाही. ते खर्चाच्या बाजूला शोधावे लागते.

कचऱ्यावर होणाऱ्या खर्चाचा मोठा भाग प्रक्रियेवर होत नाही. तो होतो गोळा करण्यावर आणि वाहतुकीवर. आणि वाहतुकीचा ठेका बहुधा टनावर दिलेला असतो. जितके वजन अधिक तितके बिल मोठे. ज्यांनी आयुष्यभर काटा सांभाळला त्या आडतदारांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. ओला-सुका एकत्र केला तर वजन वाढते, पावसात भिजला तर वाढते, राडारोडा मिसळला तर फारच वाढते. ज्या करारात कचरा वाढण्यानेच एका पक्षाचा लाभ होतो, त्या करारात कचरा कमी होईल ही अपेक्षा करणे म्हणजे दलालाने सौदा मोडावा अशी अपेक्षा करणे. म्हणून वजनकाट्याच्या रोजच्या नोंदी जाहीर करणे, हा मला शुल्काच्या दराहूनही महत्त्वाचा मुद्दा वाटतो. आपण मालाच्या प्रत्येक पोत्याचा धडा करतो. शहर मात्र कोट्यवधींचा माल न तोलता घेते, किंवा एकाच बाजूने तोललेला घेते.

याउलट पुण्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९३ मध्ये तेथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. एसएनडीटी महिला विद्यापीठातील प्रौढशिक्षणाच्या कार्यकर्त्या आणि डॉ. बाबा आढाव यांचा त्यामागे आधार होता. आपल्यापैकी भुसार बाजारातील जुन्या पेढ्यांना बाबांचे नाव हमाल पंचायतीमुळे ठाऊक आहे, आणि ते बहुधा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. हमालीचे दर, तोलाई, पुढे १९६९ चा माथाडी कायदा, या सर्वांवर बाजारात किती कुरबुर झाली हे मी खातेदारांकडून ऐकलेले आहे. पण आज हमालीचा ठरलेला दर नसलेला बाजार कोणत्याही व्यापाऱ्याला नको असतो. दर ठरला की रोजची घासाघीस संपते. कचरावेचकांच्या बाबतीत नेमके तेच घडले. २००८ मध्ये याच पंचायतीतून निघालेल्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने करार केला. तिचे सभासद, बहुसंख्य स्त्रिया, दारोदार जाऊन ओला व सुका कचरा वेगवेगळा घेतात, घराकडून ठरलेले शुल्क थेट स्वतः घेतात, आणि सुक्यातून निघालेले भंगार विकून त्याचे पैसेही त्यांचेच. महापालिका साहित्य व व्यवस्थापनाचा काही भार उचलते. पगार देत नाही.

जमाखर्चाच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो, तो पाहा. शुल्क आधी तिजोरीत जाऊन मग ठेकेदारामार्फत झिरपत नाही. देणारा आणि काम करणारी समोरासमोर असतात. काम झाले नाही तर पैसे अडतात, पैसे अडले तर काम अडते. वसुलीचा खर्च जवळजवळ नाही. आणि त्या बाईचा फायदा वजन वाढण्यात नसून वर्गीकरण नीट होण्यात आहे, कारण उष्ट्याने माखलेल्या कागदाला भंगारवाला भाव देत नाही. टनावरच्या ठेक्यात जो दोष आहे, तो येथे मुळातच नाहीसा होतो. या व्यवस्थेतही अडचणी आहेत. कराराचे नूतनीकरण दरवेळी लांबते, काही सोसायट्या पैसे बुडवितात (मी कोणत्या तोंडाने बोलू?), आणि भंगाराचा भाव पडला की सर्व भार त्या घरांवर पडतो.

भंगाराचा भाव हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडणे अवश्य आहे. पुनर्वापर म्हणजे कचऱ्यातून सोने, असा एक समज भाषणांतून पसरला आहे. बाटलीला भाव आहे, पुठ्ठ्याला आहे, पत्र्याला आहे. वेफरच्या चकचकीत पाकिटाला नाही, शाम्पूच्या पुडीला नाही. ज्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात अशा वेष्टनांना कुणी हात लावीत नाही, आणि तीच गटारे तुंबवितात. जे विकले जाते त्याचा खर्च बाजार करतो. जे विकले जात नाही त्याचा खर्च कुणी करावयाचा, हा खरा प्रश्न. प्लास्टिक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी आणि फेब्रुवारी २०२२ मधील त्यांच्या सुधारणेने त्याचे उत्तर दिले आहे : ज्याने वेष्टन बाजारात आणले त्याने. उत्पादक, आयातदार आणि स्वतःच्या नावाने माल विकणारे ब्रँडमालक यांनी बाजारात घातलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात ते परत गोळा करून त्यावर प्रक्रिया घडवून आणावयाची. हे प्रमाण २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढील वर्षासाठी ७० टक्के आणि २०२३-२४ पासून १०० टक्के ठरविले गेले.

आपल्यातील जी कुटुंबे सुकामेवा, मसाले, फरसाण स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकतात, त्यांनी आपण या नियमांत कोठे बसतो हे आपल्या सनदी लेखापालाला आजच विचारावे. २०१८ च्या प्लास्टिक बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० आणि दुसऱ्याला १०,००० रुपये दंड झाल्यावर जे धावत आले त्यांपैकी दोघे माझे जुने खातेदार होते.

परंतु या व्यवस्थेत शहराच्या दृष्टीने एक छिद्र आहे. पुनर्प्रक्रियेचे प्रमाणपत्र प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला मिळते आणि ब्रँडमालक ते त्याच्याकडून विकत घेतो. पैसा या दोघांमध्ये फिरतो. ती पाकिटे ज्या बाईने गटारातून वेचली आणि ज्या महापालिकेने गाडीतून नेली, त्यांच्या वाट्याला त्यातले आपोआप काहीच येत नाही. त्यासाठी महापालिकेला स्वतः करार करावे लागतात. माझ्या मते पुढील काही वर्षांत शहरांनी जोर लावावयाचा असेल तर येथे. वर्गीकरण केंद्रातून निघणाऱ्या प्रत्येक टनाची लेखी नोंद ठेवून त्या मालाची किंमत कारखान्याकडून व कंपन्यांकडून मागितली पाहिजे. मागणाऱ्याजवळ वही नसेल तर देणारा देत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावयास नको.

ओल्या कचऱ्याचे अर्थशास्त्र निराळे. तो सर्वांत जड, सर्वांत लवकर सडणारा, म्हणजे दूर नेण्यास सर्वांत महाग. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्यांना 'मोठे निर्माते' ठरविले आणि ५,००० चौरस मीटरहून मोठ्या वसाहती व संस्थांनी आपल्या ओल्या कचऱ्याची शक्यतो आवारातच विल्हेवाट लावावी असे म्हटले. पुणे महापालिका गांडूळखत करणाऱ्या मिळकतींना करात ५ टक्के सवलत देते. हा शहाणपणाचा सौदा आहे, कारण सवलतीपेक्षा वाचलेली वाहतूक मोठी. आपली मंगल कार्यालये, भोजनशाळा आणि सामुदायिक जेवणावळी यांनी हे विशेष मनावर घ्यावे. पंगतीत ताट धुऊन पिणारे आजोबा आपण पाहिले आहेत; त्यांच्याच नातवाच्या लग्नातील 'बुफे'नंतर मागच्या दाराला टेम्पो लागतो, तेही पाहतो. त्या टेम्पोचा खर्च शहराने का सोसावा, असे कुणी विचारले तर मला तरी सांगता येणार नाही.

मोठ्या प्रमाणावर काय होऊ शकते, ते इंदूरने दाखविले. तेथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओला कचरा घेणारा आणि सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी देण्याची क्षमता असणारा प्रकल्प सुरू झाला. भांडवल खासगी कंपनीने घातले, जागा व कचरा महापालिकेचा. कंपनीच महापालिकेला वर्षाला अडीच कोटी रुपये देते, आणि निम्मा गॅस महापालिकेने शहर बससाठी बाजारभावापेक्षा किलोमागे पाच रुपये कमी दराने घ्यावा असे ठरले. ऐकणाऱ्याला वाटते, मग शुल्क कशाला? पण हा सौदा जमला तो इंदूरच्या घराघरांतून ओला कचरा निराळा येतो म्हणून. काचेचे तुकडे मिसळलेला कचरा कुणी फुकटही घेणार नाही. लहान गावांतही हे अशक्य नाही, हे आपल्या वेंगुर्ल्याने सिद्ध केले आहे : जेथे नाक धरून जावे लागे त्या कचरा डेपोच्या जागी आता शाळांच्या सहली येतात, ओल्याचा बायोगॅस होतो आणि प्लास्टिक डांबरी रस्त्यात जाते.

बाहेरच्या देशांनी हा खर्च 'जो टाकेल तो भरेल' या तत्त्वावर नेला आहे. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचरा ठरावीक पिशवीतच टाकावा लागतो आणि पिशवीच्या किमतीतच शुल्क असते. कमी टाकाल तर कमी पिशव्या लागतील. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट लावले आणि वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. ब्रिटनने १९९६ मध्ये जमिनीत कचरा पुरण्यावर टनामागे ७ पौंड कर लावला, तो आता १०० पौंडांच्या पुढे गेला आहे. पुरणे महाग झाल्यावर पुनर्वापर आपोआप स्वस्त वाटू लागला. आपल्याकडे मात्र गावाबाहेर नेऊन ओतणे अजूनही सर्वांत स्वस्त समजले जाते. ते स्वस्त नाही. त्याचे बिल दुसऱ्याच्या नावावर फाडले जाते, इतकेच. मुंबईच्या देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धुराने शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या विहिरींत उतरला, म्हणून ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या. त्या विहिरींच्या पाण्याचा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात मला सापडला नाही.

तर सतराव्या दिवशी मी मंडळापुढे पत्राचा मसुदा ठेवला. त्यात शुल्काला विरोध नव्हता, अटी होत्या. शुल्काचे स्वतंत्र बँक खाते असावे आणि त्यातून घनकचऱ्याखेरीज एक रुपयाही जाऊ नये. सफाईपट्टीची वसुली त्याच खात्यात जमा व्हावी, म्हणजे दोनदा घेतल्याची तक्रार मिटेल. वजनकाट्याचे आकडे प्रभागवार दरमहा जाहीर व्हावेत. दुकानाचे शुल्क क्षेत्रफळावर न ठरता कचऱ्याच्या प्रमाणावर ठरावे. सराफाची पेढी आणि तेवढीच मोठी खानावळ यांना एक दर लावणे न्यायाचे नाही. वर्गीकरण करणाऱ्यास सूट, न करणाऱ्यास दुप्पट. आणि दारोदार संकलनाचे काम शहरातील कचरावेचकांच्या संस्थेला देऊन शुल्काचा ठरावीक भाग थेट त्यांना मिळावा.

सभा तापली. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तुम्ही आमचे वकील की कार्पोरेशनचे?" दुसऱ्याने एप्रिल २०२५ चा दाखला दिला : मुंबई महापालिकेने घरांवर क्षेत्रफळानुसार दरमहा १०० ते १,००० रुपये शुल्काचा मसुदा काढला तेव्हा केवढा विरोध झाला, मग आपणच का नमते घ्यावे? मी म्हटले, विरोध करून शुल्क थांबेल, पण कचरा थांबणार नाही. तो जिन्यात साठेल. यावर कुणीतरी हसले. माझ्या सोसायटीची गोष्ट मी सभेत सांगितली नाही. सांगावयास हवी होती, असे घरी आल्यावर वाटले, म्हणून येथे लिहिली.

मतदान झाले. मसुदा दोन मतांनी मंजूर झाला; दुप्पट शुल्काची अट वगळावी लागली आणि कचरावेचकांच्या कलमात 'द्यावे' ऐवजी 'देण्याचा विचार व्हावा' असे शब्द आले. बँकेतील अनुभवावरून सांगतो, 'विचार व्हावा' या शब्दांवर आजवर कुणाला कर्ज मिळालेले नाही. तरीही पत्र दोन प्रतींत नेऊन दिले आणि आमच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतली. हरकतींवरील सुनावणी पुढील महिन्यात आहे. अध्यक्षांनी सुनावणीस मलाच जाण्यास सांगितले आहे. जाताना अंदाजपत्रकाची ती जाड प्रत आणि सोसायटीचा ताळेबंद, दोन्ही बरोबर नेणार आहे.